आरेतील पाडे : महानगराच्या हद्दीतील शेतकरी गावे

गोरेगाव स्थानकातून पूर्वेला निघून पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडला की आरे दुग्ध वसाहतीचा परिसर लागतो. येथे विखुरलेले २७ आदिवासी पाडे मुंबई उपनगर जिल्ह्यातील उरल्यासुरल्या शेतकरी वस्त्यांपैकी आहेत. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, चाफ्याचा पाडा अशी त्यांची नावे. वस्ती प्रामुख्याने वारल्यांची; मल्हार कोळी, कोकणा आणि कातकरी कुटुंबेही आहेत.

पावसाळ्यात खाचरांतून भात होते. जुलैच्या सुमारास लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी, हा क्रम जव्हार-मोखाड्याकडचाच. घराभोवती काकडी, दोडका, भोपळा, भेंडी यांचे वेल आणि वाफे असतात. पावसाच्या तोंडावर शेवळे, पहिल्या सरींनंतर टाकळा आणि कुर्डू, पुढे कंटोली अशी रानभाजी निघते. उपनगरांतील स्थानकांबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या ज्या बायकांकडून आपण ती घेतो, त्यांतील काही याच पाड्यांतून आलेल्या असतात. मात्र शेतीवर वर्ष निघत नाही. त्यामुळे घरातील तरुण माळीकाम, सुरक्षारक्षकाची नोकरी किंवा रिक्षा करतात. कारवीच्या कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंती आता थोड्याच उरल्या. विटा आणि पत्रे आले.

१९४९ मध्ये शहरातील गोठे एकत्र आणण्यासाठी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ही दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे १६ हजार जनावरांची सोय असलेल्या या वसाहतीचा त्या काळी देशभर गौरव झाला, आणि तो रास्तच होता. पण पाडे वसाहतीच्या आधीचे असूनही पायाखालची जमीन शासनाच्या दुग्धविकास खात्याची ठरली. आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

नळजोडणी, विजेचा खांब, शौचालय, पायवाट यांपैकी काहीही करायचे तर जमीनमालक खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. महानगरपालिका जमीन राज्य शासनाची असल्याचे सांगते, आणि खात्याचे काम मुळात दुधाचे! काही जमीन पुढे इतर संस्थांकडे गेल्याने परवानगी देणारी दारेही वाढली. नवशाचा पाडा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ताब्यातील जमिनीवर आहे. वीज आणि पाणी यांसाठी तेथील कुटुंबांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. समोर उंच इमारतींचे दिवे आणि पाड्यात कंदील, असे चित्र मुंबईत एकविसाव्या शतकातही होते.

एखाद्या खेड्यात निदान ग्रामपंचायत असते. आरेत ती नाही, कारण जिल्हा संपूर्ण नागरी आहे. त्यामुळे ग्रामीण घरकुल आणि ग्रामीण रोजगार हमी यांसारख्या योजना येथे पोहोचत नाहीत. पालघर जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्रात राहणाऱ्या वारल्यांना १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचे अधिकार मिळाले. आरेतील त्यांच्या नातलगांना नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीपुरता असल्याने, जमीन वन आहे की दुग्ध वसाहत हा प्रश्न येथे पोटापाण्याचा ठरतो.

शौचालय नसण्याचा अर्थ येथे वेगळाच आहे. लगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांचा आरेत नित्य वावर असतो. वारली वाघदेव पूजतात आणि बिबट्याला शत्रू मानत नाहीत. तरीही अंधारात आडोशाला जाणाऱ्या बाईला धोका असतोच. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस आरेत माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये एका तान्ह्या मुलीचा बळी गेला. घराजवळचे शौचालय आणि वाटेवरचा दिवा हे येथे पिंजऱ्याइतकेच महत्त्वाचे उपाय आहेत.

मेट्रो-३ च्या कामासाठी प्रजापूरपाड्यातील कुटुंबे हलवण्यात आली. त्यांना इमारतींतील सदनिका मिळाल्या. नळ आणि वीज आली, पण भाजीचा वाफा, कोंबड्या आणि ताडाची झाडे मागे राहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा पाड्यांतील स्त्री-पुरुष आंदोलनात होते. पुढे २०२०-२१ मध्ये आरेतील सुमारे ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला. वहिवाटीच्या शेतांवर कोणाचा हक्क, याची नोंद करण्याचे काम त्यामुळे अधिकच निकडीचे झाले आहे.