नक्कल आणि वाचणारा

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाला हे गोंडांचे गाव आहे. तिथल्या पोथ्यांची हकीकत वाचताना मला आपले ख्रिस्तपुराण आठवले.

फादर स्टीफन्सचे हे मराठी पुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्येही ते निघाले. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो भाविकांनी हाताने उतरवलेल्या नकलांमुळे. त्यांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला.

गुंजालात पोथ्या होत्या सुमारे डझनभर; पण त्यांतली गोंडी लिपी वाचणारी म्हातारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमलराव यांच्या चमूने त्या उजेडात आणल्या. २०१८ मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये आली.

म्हणजे नक्कल हवी, तसा वाचणाराही हवा. आपली गोंयकानडी लिपी वाचणारे किती उरले आहेत? घरात जुने बाड असेल तर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि ते वाचू शकणारे कुणी आजोबा असतील, तर त्यांच्याकडून आजच वाचून घ्या.