वस्तरा पाजवणारा हात

साहित्याच्या अभ्यासकाला वस्तऱ्याची धार पहिल्यांदा भेटते ती उपनिषदात. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली. ही उपमा इतकी दूरवर गेली की १९४४ साली सॉमरसेट मॉम या इंग्रज कादंबरीकाराने आपल्या कादंबरीचे नावच तिच्यावरून घेतले. मूळ उपमेत धारेला ‘निशिता’ हे विशेषण आहे. निशित म्हणजे पाजवलेली. आपण ती उपमा वाचतो तेव्हा त्या वाटेवरून चालणाऱ्याच्या पायांची काळजी करतो. पण पाजवलेली धार म्हटले, की ती कोणीतरी पाजवलेली असणार. विशेषण आले आणि कर्ता मात्र वाक्याबाहेर राहिला. वस्तऱ्याचा आपल्याकडचा इतिहास बराचसा असाच, कर्त्यावाचून लिहिला गेला आहे.

शब्दांनी मात्र या कामाची आठवण सांभाळून ठेवली आहे. धार लावण्याच्या दगडाला मराठीत ‘निसणा’ म्हणतात. तो संस्कृत ‘निशान’पासून आला, म्हणजे ‘निशिता’च्याच घराण्यातला. देवाचे गंध उगाळण्याची ‘सहाण’ही संस्कृत ‘शाण’ म्हणजे धार लावण्याचा दगड, या शब्दापासून आलेली. देवघरातील दगड आणि न्हाव्याच्या धोकटीतील दगड अशा रीतीने भाषेत एकमेकांचे नातेवाईक ठरतात. समाजात ते तसे कधी मानले गेले नाहीत. ‘वस्तरा’ हा शब्द फारसीतून आला. ‘हजामत’ अरबीतून आला, आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे. ‘न्हावी’ हा प्राकृतातील ‘ण्हाविअ’चा वंशज, त्याचा अर्थ न्हाऊ घालणारा. न्हाऊ घालणे, केस काढणे, रक्त काढणे, एवढी कामे ज्या हाताने केली त्याला आपल्या वऱ्हाडात ‘म्हाली’ असेही म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात न्हाव्याच्या इतर नावांबरोबर हे नावही नोंदलेले आहे.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला मुलूख. काळ्या मातीखाली गाळाचे खोल थर, त्यामुळे शेतात हाताला दगड लागणे कठीण. उत्तरेला गाविलगडचे डोंगर आहेत, पण तिथला काळा बसाल्ट वस्तऱ्याला लागणाऱ्या नाजूक धारेच्या कामाचा नाही. निसणा ही इथे बाहेरून आणण्याची आणि जपण्याची वस्तू. ती बापाकडून मुलाकडे जाई आणि तिच्याबरोबर पाजवण्याची रीतही जाई. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त (१९१५) बलुतेदारांची कामे आणि त्यांचे धान्यरूपी हक्क तपशिलाने मांडले, न्हावी त्या बाराजणांतला एक. सुगीला खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात वर्षभर गावाची श्मश्रू करायची, अशी ही व्यवस्था. या व्यवस्थेत ‘शिकणे’ नावाचा वेगळा प्रसंगच नसतो. पोर दुकानात, म्हणजे बहुधा झाडाखाली किंवा पारावर, बापाशेजारी बसते. बघते, चामड्याचा पट्टा ताणून धरते, पुढे कधीतरी निसण्यावर पाणी घालते. आपण केव्हा शिकलो, हे त्यालाही सांगता येत नाही. जे जन्माने मिळते त्याची पोथी होत नाही.

म्हणून आज एखाद्या हौशी माणसाने जुन्या पेटीतला, गंज चढलेला वस्तरा काढून त्याला धार लावायची ठरवले, तर त्याला अक्षरशः पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. तो धडा असा. चांगल्या वस्तऱ्याचे पाते दोन्ही अंगांनी पोखरलेले असते. पाठ जाड, मधला भाग पातळ, आणि धार त्याहून पातळ. निसण्यावर पाते सपाट ठेवायचे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकल्या पाहिजेत. धारेचा कोन किती असावा, हे घडवणाऱ्याने पाठीच्या जाडीतच ठरवून दिलेले असते. तो साधारण सोळा-सतरा अंशांचा असतो. शिकणाऱ्याला तो मोजावा लागत नाही, फक्त बिघडवायचा नसतो. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचे, टोकाशी आल्यावर पाते पाठीवरून उलटायचे आणि परत आणायचे. चामड्यावर याच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागे. चामड्यावर धार पुढे गेली तर चामडे कापले जाते आणि धारही मरते.

दगड एक पुरत नाही. पहिल्या भरड दगडावर, आजच्या मापात हजाराच्या आसपास, दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत मिळेपर्यंत थांबावे लागते. हा पाया कच्चा राहिला तर पुढचे सगळे वाया. मग चार हजार, आठ हजार, बारा हजार अशा चढत्या बारकाईच्या दगडांवर आधीच्या दगडाने पाडलेले ओरखडे मिटवत जायचे. युरोपात यासाठी बेल्जियममधील आर्देनच्या डोंगरातला पिवळसर दगड नावाजलेला आहे. त्यात गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म कण असतात, आणि पोलाद झिजवतात ते हेच कण. नवशिका सर्वांत जास्त चुकतो तो जोर लावण्यात. धार येत नाही असे वाटले की तो दाबतो. पातळ पाते दाबाखाली वाकते, धार दगडावरून उचलली जाते किंवा तिला बारीक दाते पडतात. शेवटच्या दगडावर तर वस्तऱ्याचे स्वतःचे वजनही जास्त वाटावे इतक्या हलक्या हाताने फिरवायचे असते. दगडावरचे पाणी धारेपुढे एकसारखे सरकू लागले, की पाते सपाट बसले असे समजावे. शेवटी चामड्यावर पन्नासेक फेरे. सराईत न्हावी हे शेवटचे काम तळहातावरही करीत. म्हणजे पाजवणे ही काही मिळवण्याची क्रिया नाही, प्रत्येक पायरीवर थोडे कमी करत जाण्याची आहे.

हे रोजच का करावे लागते, याचे उत्तर अलीकडे मिळाले. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ. मग मऊ वस्तूने कठीण वस्तू बोथट कशी होते? २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की केस कापला जाताना वाकतो, धारेवर तिरपा दाब देतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे धारेचा सूक्ष्म टवका उडतो. धार झिजते त्याहून जास्त ती फुटते. रोजच्या दाढीनंतर ही फूट चामड्याने आणि अधूनमधून दगडाने भरून काढायची, असे हे न संपणारे काम आहे. वर्षभराच्या बलुत्यात गावाने या कामाचा कधी वेगळा हिशेब केला नाही.

मग हे ज्ञान कागदावर आले केव्हा? जेव्हा वस्तरा न्हाव्याच्या हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागला तेव्हा. १७६९ साली झाँ-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पेरे स्वतः सुऱ्या-वस्तरे घडवणारा. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच त्याने सांगून टाकले, की यात धार लावण्याचे दगड ओळखण्याची आणि चामडे तयार करण्याची माहिती आहे, आणि शेवटी रक्त काढण्याबद्दल एक महत्त्वाची सूचना आहे. अरबीतल्या ‘हजामत’चा मूळ अर्थ इथे पॅरिसमध्ये पुन्हा भेटतो. पेरेचा वाचक हा लिहिता-वाचता, ऐपत असलेला पुरुष. त्याला न्हाव्यावर अवलंबून राहायचे नाही. त्याचे शिकणे ही निवड आहे, म्हणून त्याच्यासाठी पुस्तक लिहिले जाते.

महाराष्ट्रातली एक शिकणारी याच्या अगदी उलट टोकाला उभी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनपर लेखनात साताऱ्याच्या बालपणाची आठवण सांगितली आहे. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना पैसे देण्याची ऐपतही घरात होती. पण अस्पृश्याच्या केसांना न्हावी हात लावत नसे. म्हणून घरातल्या मुलांचे केस मोठी बहीण कापत असे, आणि सततच्या सरावाने तिचा हात त्या कामात तयार झाला होता. दोन-तीन वाक्यांत ही आठवण येऊन जाते. पेरेचा गृहस्थ न्हावी नको म्हणून शिकला. ही मुलगी न्हाव्याला आपण नको होतो म्हणून शिकली. नवशिक्याच्या हातातले हत्यार सारखेच दिसते. पण ते हातात कसे आले, हे विचारल्यावाचून त्याच्या कौशल्याचे कौतुक करता येत नाही.

न्हाव्याच्या नकाराचा याहून वेगळा प्रसंगही आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याची एक कडी वऱ्हाडात आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली प्रसिद्ध झाले. नवरा गेल्यावर बाईच्या वाट्याला काय येते हे सांगताना, तिच्या डोक्यावरचे केस उतरवायला आलेला न्हावी त्यांनी वाचकापुढे आणला. त्यांचा राग न्हाव्यावर नाही. ज्यांच्या डोळ्यांना गारवा मिळावा म्हणून हे चालते त्या पुरुषांवर आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, १८९० मध्ये, सत्यशोधक चळवळीतले कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरले. तोपर्यंत केशवपनाचा वाद शास्त्रे जाणणारे आणि सुधारक यांच्यात चालला होता. ज्याच्या हातावाचून ते कृत्य घडूच शकत नव्हते, त्याचे मत कोणी विचारले नव्हते. त्या सभेत कर्ता वाक्यात आला.

या दोन नकारांना एकाच मापाने मोजणे चूक होईल. साताऱ्यातल्या नकारामागे जातीची उतरंड होती. तिथे न्हावी वरच्यांचा नियम खालच्यांना लागू करत होता. मुंबईच्या नकारात त्याच उतरंडीने सोपवलेले काम नाकारणे होते. एकाच समाजाच्या हाताने, एका पिढीच्या अंतरात, दोन्ही केले. वस्तऱ्याच्या इतिहासाला नुसता गौरव किंवा नुसता धिक्कार पुरत नाही तो यामुळे. ज्याला या व्यवस्थेत खाली ढकलले गेले त्याच्याही हातात कोणाला तरी आणखी खाली ठेवण्याचे हत्यार देऊन ठेवलेले असते, हे ‘बलुतेदार’ हा शब्द गोडव्याने उच्चारताना आपण विसरतो.

या पार्श्वभूमीवर संत सेना न्हावी यांचा हजामतीवरचा प्रसिद्ध अभंग पुन्हा वाचावा. आपल्या धंद्याचे संपूर्ण रूपक त्यांनी केले आहे. विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, शांतीचे पाणी आहे, अहंकाराची शेंडी आहे, नखे काढणेही आहे. वस्तरा मात्र नाही. उपनिषदकाराला जी धार एवढी भयंकर आणि अद्भुत वाटली, ती रोज हाताळणाऱ्याने रूपकात घेतलीच नाही. याचा एक अर्थ मला असा दिसतो, की सेनामहाराजांना कापण्यापेक्षा सेवा महत्त्वाची होती. चारी वर्णांना हात देऊन मग ते निवांत होतात. ज्या काळात न्हाव्याचा हात कोणाला लागावा आणि कोणाला नाही हे ठरलेले होते, त्या काळात ‘चारी वर्ण’ म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. वर्णांच्याही बाहेर ठेवलेले लोक त्या शब्दांत बसतात का, हा प्रश्न मात्र साताऱ्याच्या त्या मुलीच्या बाजूने विचारावाच लागतो.

आज दर्यापूरच्या कोणत्याही सलूनमध्ये बसा. कारागीर नवे ब्लेड कागदातून काढतो, मधोमध मोडतो आणि अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत बसवतो. १९९०नंतर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या धास्तीने ही पद्धत सर्वत्र पसरली. ती आरोग्याला हितकारक आहे, आणि गिऱ्हाइकाला तसेच कारागिरालाही सोयीची आहे. तिने निसणा मात्र दुकानातून बाहेर काढला. धान्याचे बलुते जाऊन रोख पैसे आले, भिंतीवर दरपत्रक आले, आणि ‘जेवढे काम तेवढा दाम’ हा हक्क आला. धार लावण्याची विद्या गेली आणि जन्माची बांधिलकी सैल झाली, या दोन्ही गोष्टी जवळजवळ हातात हात घालून घडल्या. लोप पावणाऱ्या कलांबद्दल हळहळणारे लेखन मराठीत पुष्कळ होते. त्यातले फारच थोडे विचारते, की ती कला टिकावी म्हणून कोणाच्या मुलाने शाळा सोडून पट्टा ताणून धरायला हवा होता?

आता जो कोणी हौसेने जुना वस्तरा घेऊन दगडापुढे बसतो, त्याने जरूर शिकावे. जन्माने लादलेले काम जेव्हा निवडीने शिकता येते तेव्हाच ते खऱ्या अर्थाने कला म्हणून मोकळे होते. हलका हात, सपाट पाते आणि घाई न करणे, हे तीन नियम त्याला कोणीही सांगेल. त्याला अपयश येईल, धार पुन्हा पुन्हा फुटेल. त्या वेळी त्याला एक हिशेब मात्र आपोआप कळेल: गावातली प्रत्येक गुळगुळीत हनुवटी हे कोणाच्या तरी पहाटेचे काम होते, आणि ते कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते.