कथेविना भाव: अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील सामान्य प्रेक्षक चित्रातला भाव ओळखत असे तो बहुधा कथेच्या आधाराने. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेला, आणि तेथील ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राचा आभास देणाऱ्या रंगीत शिळाछाप प्रती, घरोघरी लागल्या. पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला कोणाला शोधते आहे, हे चित्रात दुष्यंत नसूनही कोणाला विचारावे लागत नसे. रसचर्चेच्या परिभाषेत सांगायचे तर विभाव, म्हणजे भाव जागवणारी कारणे व परिस्थिती, प्रेक्षकाला आधीच ठाऊक असत, आणि अनुभाव, म्हणजे देहावर उमटणारी भावाची चिन्हे, त्यांना दुजोरा देत.

पॅरिसमधील शिक्षण संपवून १९३४ च्या अखेरीस भारतात परतलेल्या अमृता शेरगिल यांनी १९३५ मध्ये ‘तीन मुली’ हे तैलचित्र रंगवले, तेव्हा त्यांनी नेमका हा विभावच काढून घेतला. मागे घर नाही, दार नाही, काळवेळ सांगणारी एकही वस्तू नाही; एकमेकींना खेटून बसलेल्या तिघींची नजर खाली झुकलेली असून ती प्रेक्षकाकडे वळत नाही, की परस्परांकडेही नाही. लाल-हिरव्या वस्त्रांची ऊब आणि चेहऱ्यांवरचे मौन यांचा मेळ बसत नाही, आणि चित्राची खरी ताकद या न बसणाऱ्या मेळातच आहे. या मुली विवाहाची वाट पाहत आहेत, हे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते संभवनीय असले, तरी चित्रात त्याचा पुरावा नाही, आणि ते स्वीकारताच थकवा, संकोच, निव्वळ विचारमग्नता या इतर शक्यता अकारण बाद होतात. गरीब भारतीयांची मूक सोशिकता रंगवण्याची इच्छा शेरगिल यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, हे खरे. परंतु कलावंताचा हेतू हा अर्थनिर्णयाचा एक आधार असतो, अंतिम निवाडा नव्हे.

या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास अजिंठा पाहून दक्षिणेत गेलेल्या शेरगिल यांनी परतल्यावर ‘वधूचा शृंगार’ रंगवले, ज्यात प्रसंग शीर्षकातूनच कळतो, म्हणजे विभाव परत येतो, आणि तरीही वधूचा गंभीर चेहरा त्या प्रसंगाला अपेक्षित असलेल्या आनंदाची ग्वाही देत नाही.