प्रयोगशाळेचे दार आणि प्रयोगशाळेतील जागा

रामन परिणामाच्या शोधाचे स्मरण म्हणून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. त्याच सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या कारकिर्दीत भारतीय प्रयोगशाळांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला होता : येथे काम करण्याचा अधिकार कोणाला?

१९३३ साली मुंबईच्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. त्या स्त्री आहेत म्हणून संचालक रामन यांनी नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनीचा दर्जा नाही आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखालील त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही खुले झाले. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

दार उघडले, तरी आत समान जागा मिळालीच असे नाही. १९४० मध्ये अण्णा मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी स्वतंत्रपणे पाच शोधनिबंध लिहिले. १९४५ मध्ये प्रबंधही सादर केला. मात्र एम.एस्सी. नाही, या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली.

इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचा अभ्यास करून त्या १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. १९५३ पर्यंत त्या उपकरण विभागाच्या प्रमुख होत्या. हाताखाली १२१ पुरुष होते. सुमारे १०० उपकरणांची रेखाचित्रे प्रमाणित करून ती देशातच बनवण्याची घडी याच विभागाने बसवली. परदेशातून येणाऱ्या यंत्रांवरचे अवलंबन त्यामुळे घटले.

ज्यांच्या शास्त्रीय योग्यतेवर पदवीअभावी शिक्का बसला नाही, त्यांच्याच हाती हे काम सोपवले गेले आणि ते देशाच्या उपयोगी पडले. कमलाबाईंना एका वर्षाच्या कसोटीनंतर मान्यता मिळाली. मात्र त्या कसोटीला उभे राहण्याची वेळ कोणत्याही पुरुष उमेदवारावर आली नव्हती. नेतृत्वाची सर्वसमावेशकता प्रवेशाच्या नोंदवहीवरून ठरत नाही. आत आलेल्या माणसाच्या हाती जबाबदारी आणि निर्णय किती, यावरून ती ठरते.