पेंडीची धूळ : लिव्हरपूल, १९११

गाई-म्हशींपुढे टाकतात ती पेंड आपल्या ओळखीची आहे. शेंगदाणा, सरकी, जवस यांचं तेल काढल्यावर उरतो तो चोथा. त्याच्या धुळीने माणसं मरतील, असं आपल्याला चटकन वाटत नाही. लिव्हरपूलच्या कामगारांनाही वाटलं नसावं.

२४ नोव्हेंबर १९११ रोजी तिथल्या बिबी कंपनीच्या पेंडीच्या गिरणीत स्फोट झाला. जवळजवळ ४० माणसं गेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. सगळे काही जागच्या जागी गेले नाहीत. होरपळलेले कितीतरी जण नंतर दवाखान्यात दगावले.

एका स्फोटात एवढी माणसं कशी सापडतात? इथे धुळीच्या स्फोटाची रीत समजून घेऊ. पेंडीचा ढीग पेटवला तर तो धुमसत राहील. पण तीच पेंड बारीक होऊन बंद जागेत हवेत उडाली, की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते. मग एक ठिणगी पुरते. पहिला भडका बहुधा लहानच असतो. त्याच्या धक्क्याने तुळयांवर, यंत्रांवर, पट्ट्यांवर साचलेली धूळ उडते आणि तीही पेट घेते. खरा घात करतो तो हा दुसरा स्फोट. ठिणगी एका मजल्यावर पडते आणि दुसऱ्या मजल्यावरचा, त्या यंत्राशी काडीचा संबंध नसलेला माणूस भाजतो.

हे ज्ञान नवं होतं का? नाही. १७८५ साली इटलीतल्या तुरीन शहरात पिठाच्या कोठारात स्फोट झाला, त्याचं वर्णन काउंट मोरोझ्झो यांनी लिहून ठेवलं होतं. १८७२ मध्ये ग्लासगोच्या पीठगिरणीत १८ जण गेले, त्याचीही शास्त्रीय चौकशी झाली. पण धोका ‘पिठाचा’ मानला गेला. गुरांच्या खाद्यापर्यंत तो धडा पुरेसा पोचला नाही.

लिव्हरपूलनंतर मात्र ब्रिटिश सरकारने कोळशाच्या धुळीवर काम केलेल्या आर. व्ही. व्हीलर या रसायनशास्त्रज्ञाकडून कारखान्यांतल्या नाना प्रकारच्या धुळी तपासून घेतल्या. १९१३ च्या त्यांच्या अहवालात, कोणती धूळ किती सहज पेटते यावरून तीन वर्ग पाडले आहेत. पीठ की पेंड हा भेद तिथे मागे पडला.

म्हणून कारखान्याचा इतिहास वाचताना आपण फक्त यंत्रांकडे पाहून भागणार नाही. तुळईवरची धूळ कोण झाडत होतं, आणि त्यासाठी त्याला वेळ दिला जात होता का, हेही विचारलं पाहिजे. आज इथेच थांबू.