सिरॅक्यूजची पदवी आणि मातरचीं गांवें

परदेशीं जाऊन अर्थशास्त्राची व व्यापार-व्यवस्थापनाची पदवी मिळवावी, ही इच्छा आज आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांत इतकी रुळली आहे कीं, ती मुळांत कोठून आली याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मुलांची बारावीची परीक्षा होते न होते तोंच विद्यापीठांचीं माहितीपत्रकें घरांत येऊं लागतात, बँकेच्या कर्जाचे आंकडे मांडले जातात, आणि तीन-चार वर्षांनीं पगार किती मिळेल याचा अंदाज वडीलधारे बांधूं लागतात. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलेला नाहीं. तेव्हां या पदवीच्या आंत जी विद्या आहे तिजविषयीं अधिकारवाणीनें बोलणें मला शोभणार नाहीं. परंतु तिचा इतिहास सांगण्यास एका सेवानिवृत्त शाळामास्तराला कोणाची हरकत नसावी. त्या इतिहासांतील एका गृहस्थांची हकीगत श्रोत्यांपुढें मांडावी, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

व्यापार ही विद्यापीठांत शिकविण्याजोगी विद्या आहे, हें मत फार जुनें नाहीं. पूर्वी पेढीवर बसून, मुनिमाच्या हाताखालीं रोजकीर्द व खतावणी लिहून माणूस व्यापारी होत असे. फिलाडेल्फिया येथील जोसेफ व्हार्टन नांवाच्या कारखानदारानें, ज्यानें निकल व जस्त या धातूंच्या धंद्यांत मोठा पैसा मिळविला होता, १८८१ मध्यें पेनसिल्व्हानिया विद्यापीठास एक लक्ष डॉलर दिले, आणि अमेरिकेंत विद्यापीठाच्या छत्राखालीं व्यापारशिक्षणाची पहिली शाळा उभी राहिली. हें दान निर्हेतुक नव्हतें. परदेशी मालावर जकात बसवून देशी कारखान्यांचें रक्षण करावें, हें तत्त्व त्या शाळेंत ठासून शिकविलें जावें, अशी त्यांची स्पष्ट इच्छा होती. इंग्लंडांत बर्मिंगहॅमला १९०२ मध्यें वाणिज्यशाखा सुरू झाली, ती हार्वर्डहून बोलावून आणलेल्या विल्यम ॲशली यांच्या हातून. तेही जकातवादीच होते. आपल्या मुंबईंत सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्यें निघालें. तें आशियांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय होय, असें छापलेलें वारंवार वाचण्यांत येतें. पण टोकियोंत मोरी आरिनोरी यांनीं व्यापारी शाळा १८७५ मध्येंच काढली होती व तिच्यांतूनच पुढें तेथील व्यापारी विद्यापीठ वाढलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ‘पहिलें’ हा शब्द जरा जपूनच वापरावासा वाटतो.

असो. सांगावयाचें तें इतकेंच कीं, या विद्येची वही पहिल्यापासूनच कोणाच्या ना कोणाच्या नांवानें उघडलेली होती. ज्याचा पैसा, ज्याचा कारखाना, ज्याचें राष्ट्र, त्याच्या बाजूनें जमा कशी वाढेल हें तिनें शिकवावयाचें. एका हिंदी विद्यार्थ्यानें ही विद्या तिच्याच घरीं जाऊन पुरी आत्मसात केली, आणि परत येऊन त्या वहीवरील खातेदाराचें नांवच बदलून टाकलें. ते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजीं तंजावर येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. घर सुस्थितींतील, राहणी इंग्रजी वळणाची. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले, तेथेंच कांहीं वर्षें काम केलें, आणि १९१९ मध्यें आईच्या आग्रहावरून परतून मुंबईस आले. मुंबईंत त्यांनीं प्रथम दुसऱ्याच्या पेढींत काम केलें व पुढें भागीदारींत स्वतःची पेढी काढली. धंदा चांगला चालला होता. पोशाख साहेबी, परिचय मोठ्या लोकांचा. अशा स्थितींत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, १९२७ मध्यें हे गृहस्थ पेढी सोडून अमेरिकेस गेले आणि विशी-बाविशींतल्या पोरांबरोबर वर्गांत जाऊन बसले!

न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज हें शहर मूळचें मिठाच्या व्यापारावर वाढलेलें. तेथील विद्यापीठांत व्यापार-व्यवस्थापनाचें स्वतंत्र महाविद्यालय १९१९ मध्यें निघालें होतें. अशा महाविद्यालयांतून त्या काळीं जे विषय शिकविले जात ते आजही नांवानें फारसे निराळे नाहींत: जमाखर्च, उत्पादनखर्चाची मोजणी, चलन व पेढीव्यवहार, मालाची विक्री, संख्याशास्त्र, व्यापारी कायदा. यांतील उत्पादनखर्चाची मोजणी हा विषय मोठा मार्मिक आहे. दुकानदार वर्षाअखेर नफा किंवा तोटा पाहून समाधान मानतो. परंतु एक जोडा बुटांस कातडें किती, मजुरी किती, कोळसा किती, जागेचें भाडें किती, यंत्राची झीज किती, हें वेगवेगळें काढून पाहिल्याशिवाय तोटा नेमका कोठून येतो तें कळत नाहीं. कुमारप्पा मुळांतच हिशेबांत मुरलेले. १९२८ मध्यें त्यांनीं पदवी घेतली व ते न्यूयॉर्क शहरांत कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले.

तेथें त्यांचे अध्यापक होते एडविन सेलिग्मन, सरकारी जमाखर्चाच्या शास्त्रांतील त्या काळचे नामांकित पंडित. याच सेलिग्मन यांच्या हाताखालीं, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्यें गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकून गेले होते. त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ च्या ग्रंथास सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. एकाच गुरूचे हे दोन हिंदी शिष्य. त्यांच्याविषयीं पुढें बोलावयाचें आहे.

कुमारप्पांच्या आयुष्यास वळण लागलें तें एका व्याख्यानामुळें. एका चर्चमध्यें ते हिंदुस्थानच्या दारिद्र्याचीं कारणें या विषयावर बोलले. त्याची हकीगत वर्तमानपत्रांत छापून आली, ती सेलिग्मन यांच्या पाहण्यांत आली, आणि त्यांनीं सुचविलें कीं, हाच विषय प्रबंधासाठीं घ्या. सरकार रयतेकडून कर किती व कोणाकडून घेतें, आणि तो पैसा खर्च कशावर करतें, हें आंकडे घेऊन तपासा. आतांपर्यंत कुमारप्पांची दृष्टि ब्रिटिश राज्याविषयीं आदराचीच होती. परंतु हिशेबतपासनिसाचा एक धर्म असतो; वही समोर आली कीं मालक कोण हें तो पाहत नाहीं. लष्कर, कर्जावरील व्याज, जड पगारांचे अधिकारी यांवर होणारा खर्च एका बाजूस, आणि शेतकऱ्याच्या शेतापर्यंत परत पोंचणारा पैसा दुसऱ्या बाजूस, असा ताळेबंद मांडल्यावर तो आदर टिकणें शक्य नव्हतें. १९२९ मध्यें एम्. ए. होऊन ते परतले. कॉर्नेलियस हें आडनांव मागें ठेवून कुमारप्पा हें घराण्याचें मूळ नांव त्यांनीं धारण केलें.

प्रबंध छापण्याच्या खटपटींत ते ९ मे १९२९ रोजीं साबरमतीस गांधीजींना भेटावयास गेले. भेटीची वेळ झाली नव्हती. एका झाडाखालीं शेणानें सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातीत बसला होता, त्याच्याकडे पाहत हे उभे राहिले. थोड्या वेळानें म्हाताऱ्यानेंच विचारलें, आपण कुमारप्पा काय? तेव्हां हेच गांधीजी हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि रेशमी विजारीची पर्वा न करतां ते सारवलेल्या जमिनीवर बसले. हा प्रसंग पुष्कळांनीं लिहिला आहे. मला मात्र त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. गांधीजींनीं प्रबंध ‘यंग इंडिया’ पत्रांत क्रमशः छापण्याचें मान्य केलें, आणि त्याबरोबर विचारलें कीं, गुजराथेंतील एखाद्या तालुक्याची आर्थिक पाहणी तुम्ही कराल काय? गुजराथ विद्यापीठाची धुरा त्या वेळीं आपले सातारचे काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होती. साहेबी पोशाखांतल्या, गुजराथीचें एक अक्षर न जाणणाऱ्या या माणसाकडून खेड्यांत काम कसें व्हावयाचें, अशी शंका त्यांना आली, आणि ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

शंका खोटी ठरली. खेडा जिल्ह्यांतील मातर तालुक्याच्या गांवांतून विद्यापीठाचे विद्यार्थी बरोबर घेऊन कुमारप्पांनीं घरोघर हिंडून माहिती जमविली. सिरॅक्यूजची विद्या खरोखर कोठें उपयोगास आली असेल तर ती येथें. बूट करणाऱ्या कारखान्यास जी मोजणी लावावयाची ती त्यांनीं शेतकऱ्यास लावली. बीं किती, बैलाची वैरण किती, बैल म्हातारा होतो त्याची झीज किती, सावकाराचें व्याज किती, आणि सर्वांत शेवटीं, शेतकऱ्याच्या व त्याच्या घरच्या माणसांच्या मेहनतीची मजुरी किती? ही शेवटची रक्कम आपल्याकडे कोणीच धरीत नसे. ती धरली म्हणजे शेत तोट्यांत आहे असें दिसतें. आणि तोट्यांतल्या शेतावरील सारा उत्पन्नांतून भरला जात नसून पोटांतून काढून भरला जातो, हें उघड होतें. ही पाहणी १९३१ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. शाळेंत नामें व जमा शिकवितांना मीं मुलांना या पाहणीची गोष्ट अनेकदां सांगितली आहे. शेतकऱ्यांचीं मुलें ती इतर धड्यांपेक्षां फार लवकर समजत.

तेवढ्यांत १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला, कुमारप्पांनीं ‘यंग इंडिया’ चालविलें व तुरुंग पाहिला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे आला. स्वयंसेवकाच्या जेवणास दिवसाला तीन आणे, हा नियम त्यांनीं असा कडक पाळला कीं, गांधीजींच्या बरोबरच्या मंडळींचा खर्चही निधींतून देण्यास ते तयार झाले नाहींत. सार्वजनिक पैशाचा हिशेब कसा ठेवावा याचा हा धडा कोणत्याही महाविद्यालयांत लावण्याजोगा आहे.

त्याच वर्षाअखेर अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस होऊन वर्ध्यास, जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या मगनवाडींत, राहावयास आले. येथून पुढचीं बरींच वर्षें हा तमिळ माणूस आपल्या विदर्भाचा रहिवासी होता. तेलाची घाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशा, ताडगूळ, वनस्पति-तेलावर जळणारा मगनदीप, यांवर तेथें प्रयोग झाले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते, आणि १९३९ च्या तिच्या अहवालासाठीं सहाशेंहून अधिक गांवें पाहिलीं गेलीं. गिरणीचा तांदूळ स्वस्त कां, याचें त्यांचें उत्तर हिशेबतपासनिसाचें होतें: सडणाऱ्या बाईचा गेलेला रोजगार व कोंड्याबरोबर गेलेला कस हे दोन खर्च गिरणीच्या वहींत लिहिलेच जात नाहींत, म्हणून. जबलपुरच्या तुरुंगांत लिहिलेल्या शाश्वत अर्थव्यवस्थेवरील ग्रंथांत त्यांनीं हाच विचार सृष्टीपर्यंत नेला. दगडी कोळसा व खनिज तेल हा संपणारा सांठा होय, तो खर्चून उभारलेला व्यवहार भांडवल खाऊन चालविलेल्या दुकानासारखा आहे, असें त्यांचें म्हणणें. त्या वेळीं ही विक्षिप्त माणसाची कल्पना वाटली. आज परदेशांतील त्याच व्यापारी महाविद्यालयांतून हा विषय शिकविला जातो.

येथें मला दुसऱ्या शिष्याची आठवण करून दिली पाहिजे. डॉ. आंबेडकरांनीं १९१८ मध्येंच शेताच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहून दाखविलें होतें कीं, दोष तुकड्याच्या आकारांत नसून जमिनीवर पडलेल्या माणसांच्या भारांत आहे, आणि तो भार हलका होण्यास कारखानदारी वाढली पाहिजे. पुढें ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत त्यांनीं खेड्याच्या गौरवगाथेवर जो कडक हल्ला चढविला तो प्रसिद्ध आहे. दोघांनीं एकाच गुरूकडून सरकारी वही वाचावयाचें शिकून घेतलें. दोघांनाही तींत रयतेवरील अन्यायच दिसला. मग उत्तरें इतकीं विरुद्ध कां? मला वाटतें, कुमारप्पांनीं खेड्याच्या वहींत मजुरीचें सदर घातलें, पण जातीचें सदर जितकें ठळक मांडावयास हवें होतें तितकें मांडलें नाहीं. तेल गाळणारा कोण, कातडें कमावणारा कोण, आणि त्याला तें काम सोडण्याची मुभा आहे कीं नाहीं, हा प्रश्न उत्पादनखर्चाच्या मोजणींत बसत नाहीं. आंबेडकरांना तो पुस्तकांत शोधावा लागला नव्हता. उलट, गांव सोडून शहरांत आलेल्या माणसास तेथें काय किंमत मोजावी लागते, तिचा हिशेब कुमारप्पांच्या वहींत अधिक चोख सांपडतो. मी दोघांपैकीं एकाच्या बाजूनें निकाल देऊं शकत नाहीं, आणि देण्याची घाईही मला नाहीं.

१९३८ मध्यें पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय नियोजन समिति बसली, तींतून कुमारप्पा थोड्याच महिन्यांत बाहेर पडले. खेडीं तेथें केंद्रस्थानीं नव्हतीं. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतजमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. कसणाऱ्याची जमीन व्हावी, मधले दलाल जावेत, अशी शिफारस १९४९ च्या तिच्या अहवालांत आहे. प्रकृति ढासळल्यावर ते मदुरेजवळ कल्लुपट्टी येथें जाऊन राहिले, आणि ३० जानेवारी १९६० रोजीं, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशीं, मद्रासला वारले. त्यांनीं अविवाहित राहून काम केलें. मागें राहिलीं तीं पुस्तकें, आणि वर्ध्याचें मगन संग्रहालय, जें १९३८ मध्यें उघडलें.