‘दमू नका’ हा सल्ला आला कुठून?

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसाला घरातलं प्रत्येक जण सांगतं : पडून राहा, दमू नका. मायेनं सांगतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. पण या मायेमागे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं एका जर्मन नेत्रतज्ज्ञाचं निरीक्षण आहे.

त्याआधी असा धाक नव्हता. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू ऑगस्टस डेस्टे १८२२ पासून आपल्या आजाराची रोजनिशी लिहीत होता. त्याची लक्षणं आजचे डॉक्टर एमएसचीच मानतात. त्याला मांसाहार, मद्य, अंगाला ब्रशने मालिश असं सगळं सांगून झालं होतं. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉक्टर शार्को यांनी या आजाराचं स्पष्ट चित्र मांडलं. उपचार मात्र त्यांच्याही हाती नव्हता.

१८९० मध्ये त्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने, विल्हेल्म उटहोफ यांनी, एमएसचे शंभर रुग्ण तपासले. त्यातल्या चौघांची दृष्टी श्रम केल्यावर तात्पुरती मंदावत होती. दोष त्यांनी श्रमांना दिला. खरं कारण पुढे कळलं : उष्णता. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण झिजलं की शरीराचं तापमान जरासं चढलं तरी संदेश मध्येच अडतो. अंग निवलं की पुन्हा वाहू लागतो. श्रमांनी नवी इजा होत नाही. उष्णतेचा हा परिणाम इतका भरवशाचा होता, की एमआरआय येण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत. उटहोफ यांचं निरीक्षण अचूक होतं, पण त्यातून निघालेल्या विश्रांतीच्या सल्ल्याने किती तरुण पाय खाटेवरच बारीक झाले असतील, या विचाराने मन अजून कळवळतं.

हा धाक मोडायला सुरुवात केली ती एका खेळाडूने. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं कांस्यपदक मिळवणारा अमेरिकन स्कीपटू जिमी ह्यूगा. १९७० मध्ये एमएसचं निदान झालं आणि डॉक्टरांनी श्रम टाळायला सांगितलं. काही वर्षं त्याने ऐकलंही. अंग आणि उमेद दोन्ही खचत चालली, तेव्हा तो बेताबेताने पुन्हा व्यायामाला लागला. १९८४ मध्ये त्याने कोलोराडोत केंद्र काढलं. तिथे भर असे तो रुग्णाला अजून काय काय करता येतं यावर.

पुरावा मात्र १९९६ मध्ये आला. युटा विद्यापीठात पेटजन आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी पेडल मारले. त्यांचा दम वाढला, स्नायूंत बळ आलं, मनही हलकं झालं.

आता फिजिओथेरपिस्टचा सल्ला साधा असतो. थोडा व्यायाम, मग विसावा, मग पुन्हा थोडा. नागपूर-अकोल्याच्या वैशाखात तो पहाटेच उरकायचा, पंख्याखाली, गार पाणी जवळ ठेवून. मानेभोवती ओला पंचा, आणि तो सुकला की पुन्हा भिजवायचा.